दृष्टिबाधित मुलाच्या गरजा तपासायला गेल्यावर मी काय करते

वर्गात गेल्यावर पहिला तासभर, ज्या मुलासाठी आलेय त्याच्याशी मी बोलत नाही. मागच्या बाकावर बसते आणि वहीत डावीकडे वेळ, उजवीकडे त्या वेळी त्याने काय केलं, एवढंच लिहीत जाते. ‘१०.०५ – बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली. सगळ्यांनी उतरवली. याने शेजारच्याच्या वहीत बघून उतरवली, नाक वहीपासून चार बोटांवर. १०.१२ – बाई म्हणाल्या, “हा आकडा इथून उचलून इकडे आणायचा.” याने मान वर केलीच नाही. १०.२० – ऊन फळ्यावर आलं. याने पेन्सिल खाली ठेवली.’ बावीस वर्षं फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम केल्यावर ठामपणे सांगते, या तासाभराच्या नोंदींतून जेवढं कळतं तेवढं पुढच्या कुठल्याही चाचणीतून कळत नाही.

हे लिहितेय ते मुख्यतः दोघांसाठी. विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण संपवून पहिल्यांदाच एकट्याने तपासणीला निघालेल्यांसाठी, आणि ज्यांच्या वर्गात असं मूल आलंय पण मदतीला विशेष शिक्षक अजून पोचलेला नाही, अशा शिक्षकांसाठी. आईबाबांनीही वाचावं. यातलं निम्मं निरीक्षण घरीच होतं.

डोळ्यांचा अहवाल

नेत्रतज्ज्ञांचा अहवाल हातात आला की आपली नजर थेट आकड्यावर जाते. समजा, ६/६०. म्हणजे निरोगी नजरेच्या माणसाला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येतं, त्यासाठी या मुलाला ६ मीटरवर यावं लागतं. हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला, तेव्हापासून ही भाषा रुळली. उपचारांसाठी ती उपयोगाचीच आहे. पण तो आकडा मिळतो उजळ पांढऱ्या तक्त्यावर, काळ्याकुट्ट सुट्या अक्षरांवर, एका जागी शांत बसून. वर्गातला फळा धुरकट असतो, खडूचा रंग उडालेला असतो, शिक्षक मध्ये उभे असतात, आणि वाचायचं असतं ते चालू तासाच्या वेगाने.

सुरुवातीच्या काळात माझी मोठी चूक झाली ती इथेच. दोन मुलगे होते, दोघांच्याही अहवालात ६/६०. मी दोघांसाठी एकच शिफारस लिहिली: पुढचा बाक, मोठी अक्षरं. पहिल्याला अल्बिनिझम होता, म्हणजे अंगात आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी. पुढचा रिकामा बाक नेमका खिडकीजवळचा निघाला आणि त्या उजेडात त्याला डोळे उघडे ठेवणंच जमेना. दुसऱ्याला रेटिनायटिस पिगमेंटोझा होता. त्याची नजर कडांकडून आत आक्रसत आली होती, जणू नळीतून बघावं तशी. मोठ्या अक्षरांमुळे त्या नळीत एका वेळी जेमतेम तीन अक्षरं मावायला लागली आणि त्याचं वाचन आधीपेक्षा मंदावलं. महिन्याने गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, “बाई, मी जुनंच पुस्तक वापरू का?” इतके दिवस त्याने ते सहन केलं होतं, कारण ते मी सांगितलं होतं. तो प्रश्न मी कधी विसरले नाही.

तेव्हापासून अहवालात मी आकड्याआधी आजाराचं नाव शोधते. तो वाढत जाणारा आहे की स्थिर, ते विचारते. दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते, तपासलंय का, आणि जवळची नजर वेगळी मोजलीय का, हेही बघते. बहुतेक अहवालांत शेवटचे दोन तपशील नसतात, तेव्हा तसं पत्र डॉक्टरांना पाठवते.

आजाराचं नाव कळलं की वर्गात काय बघायचं ते कळतं. नजरेच्या मध्यभागी डाग असेल, उदाहरणार्थ स्टारगार्ट आजारात, तर मूल समोरच्याकडे बघताना थोडं बाजूला बघतं. शिक्षकांना वाटतं लक्ष नाही, पण तेव्हाच ते नीट बघत असतं. डोळे सतत हलत असतील, म्हणजे निस्टॅग्मस असेल, तर बऱ्याच मुलांना मान एका विशिष्ट कोनात ठेवली की ती हालचाल कमी होते आणि स्पष्ट दिसतं. ती मान ‘सरळ कर’ असं कोणी सांगू नये. जन्मतः मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रिया झालीय, तर डोळ्याला जवळचं आणि दूरचं असं आपोआप जुळवून घेता येत नाही, म्हणून जवळचा वेगळा चष्मा मिळालाय का आणि तो दप्तरातच तर राहत नाही ना, हे बघावं लागतं. काचबिंदू असेल तर डोळा दुखणं, डोकं दुखणं यांच्या तारखा लिहून ठेवायच्या. आणि मेंदूजन्य दृष्टिदोष असेल तर डोळे निरोगी असूनही मुलाला दिसलेल्याचा अर्थ लावता येत नाही. भरगच्च पानावर गोंधळतं, एकच वस्तू कोऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली की ओळखतं, सकाळी ओळखलेलं दुपारी ओळखत नाही. अशा मुलावर ‘सोंग करतो’ हा आरोप मी इतक्यांदा ऐकलाय, की आता अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात मी ‘दिसण्यातला हा चढउतार खरा आहे’ असं वाक्य घालते.

एक गोष्ट मात्र आधीच करून घ्या: कानांची तपासणी. ज्याला पुढे बरंचसं ऐकून शिकायचंय, त्याला नीट ऐकू येतंय असं आपण गृहीत धरून चालतो.

असलेली नजर कुठे, किती, कधी

माझ्या पिशवीत मोजपट्टी असते, एक पिवळा चेंडू, चकचकीत आणि खरखरीत असे दोन प्रकारचे कागद, काळं जाड स्केचपेन, फिकट पेन्सिल, वेगवेगळ्या आकारांत छापलेले उतारे आणि वेगवेगळ्या जाडीचे मणी. महागाचं काही नाही. मोजपट्टी सगळ्यांत महत्त्वाची, कारण ‘जवळून वाचतो’ या वाक्याने पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘१२ सेंटिमीटरवरून वाचतो’ याने कळतं.

मी एकच काम वेगवेगळ्या परिस्थितीत करून बघायला सांगते. तोच उतारा खिडकीकडे तोंड करून, मग पाठ करून, मग ट्यूबलाइटखाली. तोच आकडा फळ्यावर, मग पांढऱ्या बोर्डवर. फिकट पेन्सिलने लिहिलेलं, मग स्केचपेनने लिहिलेलं. पुष्कळदा आकार वाढवायची गरजच नसते, फक्त शाई गडद आणि कागद न चमकणारा हवा असतो. कडेचं किती दिसतं ते घरगुती पद्धतीने बघायचं तर एकाने मुलासमोर बसून त्याची नजर स्वतःच्या नाकावर धरून ठेवायची आणि दुसऱ्याने मागून रंगीत चेंडू हळूहळू बाजूने, वरून, खालून पुढे आणायचा. कुठे आल्यावर मूल ‘दिसला’ म्हणतं ते टिपायचं. डॉक्टरांच्या यंत्राची सर याला नाही, पण खालच्या बाजूचं दिसत नाही एवढं कळलं तरी त्याला जिन्यावर भीती का वाटते याचं उत्तर मिळतं.

बाहेर पडा. उन्हातून व्हरांड्यात शिरताना तो किती सेकंद थांबतो? जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपतो का? पन्नास पावलांवरून मित्राला कशावरून ओळखतो, चेहऱ्यावरून, चालीवरून, की आवाजावरून? सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा बघा. ढगाळ दिवशीही एकदा बघा, जमलं तर.

पुस्तक नाकाला लावून वाचलं की डोळे बिघडतात, ही समजूत अजूनही फार घट्ट आहे. असं होत नाही. ४० सेंटिमीटरवरचं पुस्तक २० वर आणलं की डोळ्याच्या पडद्यावर अक्षराची प्रतिमा दुप्पट होते. मुलाने स्वतःच शोधून काढलेलं ते भिंग आहे, विनाखर्चाचं. त्रास होतो तो पाठीला आणि मानेला, म्हणून पुस्तक उंच करणारं तिरकं डेस्क द्यावं. एके काळी अशा मुलांना ‘उरलेली नजर जपा’ म्हणून डोळे वापरूच देत नसत. १९६४ मध्ये नॅटली बरागा यांनी अल्पदृष्टी मुलांवर केलेल्या अभ्यासातून दाखवलं, की सराव दिला तर असलेली नजर वापरण्याचं कौशल्य वाढतं. तरी घराघरांतून ‘डोळ्यांना ताण देऊ नको’ अजून ऐकू येतंच.

वाचायचं कशाने?

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. छापील अक्षर, ब्रेल, दोन्ही, की ऐकणं? याच्यावर मुलाचं पुढचं सगळं शिक्षण उभं राहतं, आणि नेमका हाच निर्णय बरेचदा कोणाच्या तरी अंदाजाने होतो: ‘थोडं दिसतंय ना, मग ब्रेल कशाला?’

मी आधी हे बघते, की मूल नवीन वस्तू हातात आल्यावर पहिल्यांदा काय करतं. डोळ्यांजवळ नेतं? बोटं फिरवतं? हलवून आवाज ऐकतं? दिवसभरात अशी पंधरा-वीस कामं नोंदवायची आणि प्रत्येकापुढे नजर, स्पर्श की श्रवण ते लिहायचं, आधी काय वापरलं आणि मग खात्री करायला काय वापरलं तेही. एक मुलगी मला आठवते. तिला सगळे ‘दिसणारी’ समजत. तिच्या नोंदींत अठरापैकी तेरा वेळा आधी हात गेला होता. डबा उघडताना, बूट शोधताना, खोडरबर उचलताना. वाचताना तेवढे ती डोळे वापरत होती, कारण तिथे तिला दुसरा मार्ग कोणी दिलाच नव्हता.

मग वाचनाची तपासणी. मुलाच्या इयत्तेचा पण त्याने न वाचलेला उतारा घ्या. तोच नको, तितक्याच अवघडपणाचे तीन-चार वेगळे घ्या, वेगवेगळ्या आकारांत. प्रत्येकाला घड्याळ लावा. शब्दसंख्या भागिले लागलेली मिनिटं, एवढंच गणित. अंतर मोजा, चुका जशाच्या तशा लिहा, शेवटी चार-पाच प्रश्न विचारा. सगळ्यांत लहान कुठला आकार वाचता आला हे कळलं की तिथे थांबू नका. जेमतेम ओळखू येणाऱ्या आकारात कोणीच सलग वाचू शकत नाही. सहज वाचनासाठी अक्षर त्याहून बरंच मोठं लागतं, बऱ्याच मुलांना जवळपास दुप्पट. आकार वाढवत नेल्यावर वेग वाढतो, मग एका टप्प्यावर स्थिर होतो. वेग जिथे स्थिर झाला, तो आकार त्या मुलाचा. त्याहून मोठं देणं म्हणजे पानं वाढवणं.

देवनागरीची स्वतःची काही अडचण आहे, ती इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या तक्त्यांतून कळत नाही. शिरोरेघेमुळे सगळा शब्द एका दोरीवर टांगल्यासारखा दिसतो, आणि अर्थ बदलणाऱ्या खुणा बहुतेक वर किंवा खाली, अगदी बारीक असतात. अनुस्वार, रफार, उकार. अल्पदृष्टीचं मूल शब्दाचा मधला भाग बघतं आणि बाकी संदर्भाने भरून काढतं. हुशार असेल तर इतकं छान भरून काढतं, की वाचतंय असंच वाटतं. म्हणून मी सुट्या शब्दांच्या जोड्या करून ठेवल्या आहेत, ज्यांत संदर्भाची मदत होत नाही: रग–रंग, खत–खंत, घन–धन, भान–मान, बार–वार, मेल–मैल. उतारा झरझर वाचणारं मूल या यादीत अडखळलं, तर ते वाचत कमी आणि ओळखून घेत जास्त आहे, हे धरून चाला. चौथीपर्यंत हे खपतं. पुढे अनोळखी शब्दांचं प्रमाण वाढलं की ते कोसळतं, आणि तेव्हा सगळे म्हणतात, अभ्यासात मागे पडला.

आणि दम किती टिकतो ते बघा. यासाठी मी आग्रहाने पूर्ण अर्धा तास ठेवते. सातवीतल्या एका मुलाने पहिल्या पाच मिनिटांत मिनिटाला ६२ शब्द वाचले. पंचविसाव्या मिनिटाला तो ३८ वर आला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि विचारल्यावर म्हणाला, “नाही, काही त्रास नाही.” त्याच्या आधीच्या तपासणीत पाच मिनिटांचाच उतारा होता. त्यावर ‘छापील अक्षर वाचू शकतो’ असं लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त शाळा पाच मिनिटांची नसते.

वर्गातल्या आणखी दोघा-तिघांकडून तोच उतारा वाचून घ्या म्हणजे तुलनेला आधार मिळतो. मुलाने आठवड्यापूर्वी लिहिलेली वही त्यालाच वाचायला द्या. स्वतःचं अक्षर स्वतःला वाचता येत नसेल, तर त्या वहीचा त्याला अभ्यासासाठी काहीच उपयोग नाही.

ब्रेलसाठी तयारी बघताना बोटांकडे पाहायचं असतं. उठावाच्या ठिपक्यांच्या ओळीवरून तो डावीकडून उजवीकडे बोट न उचलता जातो का? मध्ये सोडलेली फट सापडते का? सहा ठिपक्यांच्या पाच सारख्या आणि एका वेगळ्या घरातून वेगळं घर ओळखतो का? स्पर्श हलका आहे की बोट दाबून रगडतो? दुसरा हात काय करतो, नुसता मांडीवर असतो की पुढची ओळ शोधायला मदत करतो? आणि ज्याला छापील अक्षरं आधी येतात त्याच्याबाबत एक लक्षात ठेवा. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वरचिन्ह व्यंजनानंतर येतं, त्यामुळे ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी. छापील सवयीने तो उलटं लिहील. ती शिकण्यातली अडचण नाही, सवय आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नजर हळूहळू जाणार हे माहीत असेल, किंवा वाचनाचा दम वीस मिनिटांपलीकडे टिकत नसेल, तर ब्रेल आत्ता सुरू करावं, छापील अक्षर न सोडता. नजर पूर्ण जाईपर्यंत थांबणं क्रूर आहे. त्या वेळी मुलाच्या मनात आधीच एवढी उलथापालथ चाललेली असते, की त्यात नवी लिपी शिकणं म्हणजे शिक्षाच वाटते. लुई ब्रेल यांनी ही लिपी किशोरवयात तयार केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती अजूनही टिकून आहे, कारण तिने वाचणाऱ्याला स्वतःच्या वेगाने थांबता येतं, मागे जाता येतं, शब्दाचं शुद्धलेखन बोटाखाली कळतं. ध्वनिपुस्तकं मला प्रिय आहेत, पण फक्त ऐकून शिकलेली काही मुलं दहावीपर्यंत पोचली तरी ‘शाळा’ आणि ‘शिक्षक’ या शब्दांत अक्षरं कुठली हे त्यांना सांगता येत नव्हतं. श्रवणकौशल्य वेगळं तपासा: तोच दर्जा, तेवढाच उतारा, वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. वाचून कमी आणि ऐकून जास्त कळत असेल, तर समज शाबूत आहे, अडथळा माध्यमात आहे. ही एक तुलना कितीतरी मुलांना ‘मंद’ या शिक्क्यातून सोडवते.

शब्द येतो, वस्तू येते का?

एका पूर्ण अंध मुलाची तपासणी करत होते, आठ वर्षांचा. बोलण्यात तरबेज. खोली म्हणजे काय, तर “चार भिंती, दार, खिडकी, वर छत.” मी विचारलं, छत किती उंच असतं? त्याने उभं राहून हात वर केला आणि म्हणाला, “याच्या थोडं वर.” मी झाडूची लांब काठी त्याच्या हातात दिली आणि त्याला टेबलावर उभं केलं. काठी वर टेकली तेव्हा तो बराच वेळ ती ठोकत राहिला. मग विचारलं, “सगळ्या खोल्यांना एवढं उंच असतं?” तो शब्द त्याने कधीपासून वापरला होता.

१९३२ मध्ये थॉमस कट्सफर्थ यांनी याला नाव दिलं, अनुभवाशिवाय आलेले शब्द. डोळस मूल बसल्याजागी हजार गोष्टी न शिकवता शिकतं. बर्टहोल्ड लोवेनफेल्ड यांनी अंधत्वामुळे येणाऱ्या मर्यादा सांगितल्या त्यात पहिली हीच होती, अनुभवांची व्याप्ती आणि विविधता. दुसरी हिंडण्याफिरण्याची, तिसरी परिसरावर ताबा ठेवण्याची. त्यामुळे ‘व्याख्या सांग’ या प्रकारच्या प्रश्नांनी मुलाच्या संकल्पना तपासू नका. करून दाखवायला सांगा. ओल्या मातीतून जिना कर. बाकाच्या मागे जा, खाली जा, शेजारी उभा राहा. माझा डावा हात धर. हा डबा उघडल्यावर आतल्या वस्तू कुठून आल्या असतील ते सांग. चुकलं तर ते बुद्धीवर नेऊ नका, आजवर काय हातात आलं नाही त्याची यादी म्हणून लिहा.

मधल्या सुट्टीत

फिल हॅटलेन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या आणि नंतर वाढवलेल्या यादीप्रमाणे दृष्टिबाधित मुलांना नेहमीच्या विषयांखेरीज नऊ क्षेत्रांत वेगळं शिकवावं लागतं: ब्रेल आणि संकल्पनांसारखी पूरक कौशल्यं, दिशाज्ञान आणि चलनवलन, लोकांत मिसळणं, स्वतःची रोजची कामं, खेळ आणि विरंगुळा, व्यवसायाची ओळख, सहायक तंत्रज्ञान, इंद्रियांचा कार्यक्षम वापर, आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं. मी तपासणीला जाताना ही नऊ नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून नेते आणि एकही रिकामं ठेवून परत येत नाही.

त्यातलं बरंचसं सुट्टीत दिसतं. घंटा झाल्यावर तो कोणाबरोबर बाहेर जातो? की भिंतीला टेकून उभा असतो? दुसऱ्याच्या आवाजाकडे तोंड वळवून बोलतो का? शौचालय एकट्याने शोधतो का, नळ बंद करतो का? मित्र हात ओढत नेतात, की तो त्यांच्या कोपराला धरून अर्धं पाऊल मागे चालतो? पांढरी काठी आहे का, आणि असली तर दप्तरातच घडी घालून राहते का? काठी लपवणाऱ्या मुलाशी मी त्याबद्दल त्याच दिवशी बोलत नाही. दोन-तीन भेटींनंतर बोलते.

तंत्रज्ञानाबाबत: साधन काय आहे याच्याआधी त्याला काय करता येतं ते बघा. माउसशिवाय, फक्त कीबोर्डवरून फाइल उघडून दोन ओळी देवनागरीत लिहून जतन करता येतात का? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो, तो घालून बघता येतो. गणितासाठी अबॅकस किंवा टेलर फ्रेमवर (खुंट्या बसवून हाताने गणित मांडायची पाटी) हात बसलाय का, की सगळं तोंडी चाललंय? तोंडी हिशेबात पटाईत असलेली मुलं बीजगणितात अडतात, कारण पायऱ्या मांडायला जागाच नसते.

सर्वांत दुर्लक्षित राहतं ते नववं क्षेत्र, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं. त्यासाठी मी मुद्दाम एक अडचण तयार करते. अगदी लहान अक्षरांतला कागद देते आणि थांबते. “मला हे वाचता येत नाही, मोठं द्याल का?” असं म्हणणारं मूल क्वचितच भेटतं. बाकीची वाचल्यासारखं करतात किंवा गप्प बसतात. ही नोंद अहवालात ठळक करा.

मूल बोलत नसेल, किंवा दृष्टीबरोबर इतरही अडचणी असतील, तर हे सगळं लागू आहे, फक्त सावकाश. श्वासात झालेला बदल, हालचाल थांबणं, बोटं ताठ होणं हीच उत्तरं असतात. एखादी वस्तू दाखवून तीस सेकंद काहीच न बोलता थांबा. आपल्याला ती तीस सेकंदं फार लांब वाटतात.

प्रमाणित चाचण्यांबद्दल थोडक्यात. बुद्धिमापनाच्या चित्रं जुळवायच्या आणि घड्याळ लावून ठोकळे रचायच्या भागावरून या मुलांचा आकडा काढू नये. चाचणीत तुम्ही वेळ वाढवला किंवा आकार बदलला, तर तिच्या मूळ कोष्टकाशी तुलना करता येत नाही. काय बदललं ते लिहा आणि मुलाने प्रश्न कसा सोडवला त्याचं वर्णन द्या.

अहवाल लिहिताना

‘मोठ्या अक्षरांत साहित्य द्यावे’ असं लिहू नका. लिहा: ‘२४ पॉइंट, ठळक, दीड ओळीचं अंतर, न चमकणारा कागद, सलग वाचन १५ मिनिटं, मग ५ मिनिटं विश्रांती.’ ‘पुढे बसवावे’ याऐवजी ‘दुसऱ्या रांगेत, खिडकी पाठीमागे, फळ्याच्या उजव्या बाजूला.’ ‘शिक्षकांनी काळजी घ्यावी’ याऐवजी ‘फळ्यावर लिहिताना शब्द मोठ्याने उच्चारावेत, इथे-तिथे न म्हणता जागा सांगावी.’ परीक्षेत जादा वेळ किती, तेही मोजून लिहा. वर्गातली मुलं जे ४० मिनिटांत वाचून लिहितात त्याला त्याच्या माध्यमातून ६५ मिनिटं लागली असतील, तर तेच आकडे द्या. लेखनिक लागणार असेल तर त्याच्याबरोबर बसून सांगण्याचा सराव वर्षभर हवा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. प्रत्येक शिफारशीपुढे ती कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहिलं नाही तर कागद कपाटात जातो. पुढची तपासणी वर्षाच्या आत, आणि नजरेत बदल झाला, शाळा बदलली किंवा इयत्तेबरोबर कामाचा भार वाढला तर लगेच.

अहवाल पाठवण्याआधी मी तो मुलाला वाचून दाखवते. सातवीतला तोच मुलगा, ६२ वरून ३८ वर आलेला, मांडी घालून ऐकत बसला होता. ‘फळ्यावरचं वाचता येत नाही’ या वाक्यावर त्याने मला थांबवलं.

“असं नका लिहू. पहिल्या दोन तासांना वाचता येतं. नंतर फळा चमकतो. आणि हिरवा खडू कधीच दिसत नाही, पांढरा आणि पिवळा दिसतो.”

खडूचा रंग मी बघितलाच नव्हता. ते वाक्य खोडून त्याचे शब्द तसेच्या तसे घातले आणि त्याच दिवशी त्याच्या वर्गशिक्षिकांना पिवळ्या खडूबद्दल सांगून आले.